ट्रॅक्टरचे घासलेले टायर कधी बदलायचे? कांद्याची वाहतूक संपल्यावर, पण द्राक्षछाटणीच्या आधी

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर समजलाय का ते कळेल. तुमच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. मोठा 45 एचपीचा टू-व्हील (इंजिनची ओढ फक्त मागच्या चाकांना), मागचे 13.6-28 साईजचे टायर सहा वर्षांचे, नक्षी निम्म्याच्या खाली गेलेली. छोटा 24 एचपीचा फोर-व्हील (ओढ चारही चाकांना), द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ओढायला, त्याचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त घासलेत. मार्च चालू आहे आणि उन्हाळ कांदा काढणीला आलाय. दुकानदार म्हणतो सगळे आत्ताच बदला. शेजारी म्हणतो गोटा होईपर्यंत, म्हणजे पार गुळगुळीत होईपर्यंत चालवा. रिमोल्ड करून, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवून भागेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी निफाड-पिंपळगाव पट्ट्यात बरीच वर्षं ट्रॅक्टरची कामं करतो. टायर विकत नाही. बसवतो, उतरवतो आणि बिघडल्यावर बघतो. त्यातून एक पद्धत बसली आहे. टायरबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला, टायरचं अंग शाबूत आहे का? म्हणजे आतलं नायलॉनचं कापड, कडा, बाजू. दुसरा, नक्षी तुमच्या कामाला पुरते का? अंग खराब असेल तर नक्षी नव्यासारखी असली तरी टायर आजच उतरवायचा. अंग चांगलं असेल आणि फक्त नक्षी गेली असेल, तर घाई नाही. मग वर्षातल्या कोणत्या कामाआधी बदलायचा एवढंच ठरवायचं असतं. दुकानदार आणि शेजारी दोघेही फक्त नक्षी बघून बोलतायत.

सुरुवात अंगापासून करा. टायर धुऊन घ्या, वाळू द्या. बाजूला बारीक जाळीदार भेगा दिसतील. सहा वर्षं नाशिकच्या उन्हात उभ्या राहिलेल्या टायरला त्या असणारच, त्यांना घाबरू नका. बघायचं ते भेगेची खोली. त्यासाठी ट्रॅक्टर हळूहळू पुढे घेत भेगाळलेला भाग खाली, जमिनीजवळ आणा. टायर जिथे वजनाने फुगतो तिथे भेग उघडते आणि आतलं दिसतं. वर असताना तीच भेग मिटलेली असते, म्हणून उभ्या उभ्या बघणाऱ्याला काही कळत नाही. उघडलेल्या भेगेत फक्त काळं रबर दिसलं तर चालेल. धागे दिसले तर तो टायर संपला. धाग्यांना पाणी लागलं की कापड आतून कुजतं आणि मग एखाद्या दिवशी भरल्या ट्रॉलीखाली बाजू फाटते.

बाजूला कुठे फुगा आलाय का, हे डोळ्यांपेक्षा हाताने लवकर समजतं. तळहात सपाट ठेवून पूर्ण गोल फिरवा. फुगा म्हणजे त्या जागी कापडाचे थर तुटलेत. तिथे आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरच्या तुकड्याचं अस्तर, टाकून देतात. शेताच्या कामापुरता तो टिकतोही, पण असा टायर ट्रॉली ओढायला डांबरीवर नेऊ नका. राहुड घाट किंवा मोहदरी घाट भरल्या ट्रॉलीने उतरत असाल तर अजिबात नको. रिमजवळची कड कापली असेल किंवा ट्यूब पुन्हा पुन्हा एकाच जागी घासून पंक्चर होत असेल, तर टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

पंक्चरवरूनही अंगाचा अंदाज येतो. बांधावरच्या बाभळीचा काटा नव्या टायरच्या दातात, म्हणजे नक्षीच्या उंच पट्टीत, शिरला तरी ट्यूबपर्यंत सहसा पोचत नाही. तुमच्याकडे काटे दातांतूनच आत जायला लागले असतील, तर रबर किती पातळ झालंय ते त्यातून समजतं. पंक्चर काढणाऱ्याला दर वेळी छिद्राची जागा दाखवायला सांगा. दोन दातांमधल्या खोलगट भागात छिद्र असेल तर ते नव्या टायरलाही होऊ शकतं, त्यावरून काही ठरवू नका.

आता नक्षी. नव्या 13.6-28 ला दाताची उंची साधारण सव्वा इंचाच्या आसपास असते, कंपनीनुसार थोडी कमी-जास्त. दोन दातांवर सपाट पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून मधल्या तळापर्यंत मोजा. मध्यावर एकदा, खांद्याजवळ (नक्षीच्या बाहेरच्या कडेला) एकदा, असं चार जागी मोजा. मध्यावर जास्त घासलेलं असेल तर हवा जास्त ठेवून चालवलंय. दोन्ही खांदे जास्त घासले असतील तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. एकच बाजू घासली असेल तर ट्रॅक्टरमध्ये दोष शोधायचा. नवा टायर टाकून तो दोष जात नाही.

नुसत्या उंचीवरून मात्र मी कधीच निकाल देत नाही, कारण तीच नक्षी एका जमिनीत पुरते आणि दुसरीत पुरत नाही. सिन्नर-चांदवडच्या मुरमाड, कोरड्या, घट्ट जमिनीत अर्धी घासलेली नक्षी जवळजवळ नव्यासारखी ओढते. कोरड्या डांबरीवर तर घासलेल्या टायरचं जास्त रबर रस्त्याला टेकतं, पकड कमी होत नाही. पण कादवा-गोदावरीच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत पाऊस पडला की दातांमधला गाळ बाहेर फेकला गेला पाहिजे. दात बुटके असले की गाळ तिथेच थापून बसतो आणि चाक गोट्यासारखं गुळगुळीत होऊन फिरत राहतं. म्हणून घसरण, म्हणजे पुढे न जाता चाक किती फुकट फिरतं ते, मोजा. तुमच्याच ट्रॅक्टरवर, तुमच्याच शेतात.

मोजायची रीत सोपी आहे. मागच्या चाकावर खडूने ठळक खूण करा. शेतातच, औजार वर उचलून, ट्रॅक्टर नेहमीच्या गिअरमध्ये चालवा आणि चाकाचे बरोबर दहा फेरे होतील एवढं अंतर दोन खुंट्या ठोकून पक्कं करा. मग औजार जमिनीत घालून त्याच गिअरमध्ये तेवढंच अंतर जा आणि फेरे मोजा. मोजणारा माणूस बाजूने चालायला हवा. चालवणाऱ्याला एकट्याला हे जमत नाही. दहाचे साडेअकरा फेरे झाले तर घसरण 13 टक्के. बारा झाले तर 17. तेरा झाले तर 23. मी पंधराच्या आत असेल तर टायरला हात लावू देत नाही. वीसच्या पुढे गेली की बदलायचं मनावर घ्यायला सांगतो.

हे माप नांगर किंवा कल्टिव्हेटर लावून घ्या. रोटाव्हेटरवर घेऊ नका. रोटाव्हेटरची पाती जमिनीला ढकलत ट्रॅक्टरला पुढे रेटतात, त्यामुळे चाकावर ओढीचा ताण येतच नाही आणि गोटा झालेला टायरही चांगला वाटतो. रोटाव्हेटरवर ट्रॅक्टर मस्त चालतोय म्हणून टायर ठीक आहेत असं समजणारे पुष्कळ भेटतात आणि नांगरटीला लागले की तक्रार घेऊन येतात.

वीसच्या वर आकडा आला तरी लगेच दुकानात जाऊ नका. आधी हवा बघा. आपल्याकडे ट्रॉलीसाठी भरलेली हवा तशीच ठेवून नांगरट करतात. शेतकामाला मागच्या टायरमध्ये 12 ते 14 पीएसआय बहुतेक ट्रॅक्टरना पुरते, ट्रॉलीला 16 ते 18. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे दिलंय ते अंतिम. हवा बरोबर केली की टायर जास्त लांबीने जमिनीला टेकतो आणि घसरण तिथेच कमी होते. मग वजन बघा. चाकांवरची लोखंडी वजनं काढून शेडमध्ये पडलीत का? टायरमध्ये पाणी भरलंय का? भरायचं असेल तर वॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून वॉल्व्हच्या पातळीपर्यंतच, म्हणजे पाऊण टायर. वरची जागा हवेला ठेवावी लागते. 13.6-28 ला एका टायरमध्ये दीडशे लिटरच्या वर पाणी मावतं, ते वजन नांगराला चांगलंच जाणवतं. हवा आणि वजन दोन्ही नीट केल्यावरही घसरण विसाच्या वर राहिली, तर नक्षी संपली हे खरं.

पैशांत बोलायचं तर असं धरा: वर्षाला दोनशे तास ओढीचं काम, तासाला चार लिटर डिझेल. घसरण 13 वरून 23 टक्क्यांवर गेली की तेच शेत नांगरायला साधारण 13 टक्के वेळ जास्त लागतो. म्हणजे वर्षाला शंभर लिटरच्या वर डिझेल फक्त चाक फिरवण्यात जातं. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर नऊ हजारांच्या पुढचा हिशेब होतो. तुमचे तास यापेक्षा कमी असतील तर आकडा कमी करा. ब्लोअरचे आणि ट्रॉलीचे तास यात धरू नका, तिथे हा तोटा एवढा होत नाही. वर्षाला पन्नासच तास नांगर चालत असेल, तर केवळ डिझेलसाठी टायर बदलणं परवडत नाही.

तुमच्या मोठ्या ट्रॅक्टरबद्दल माझं मत आता सांगतो. अंग चांगलं निघालं, तर मार्चमध्ये नवे टायर टाकू नका. आता काढणी सुरू होईल, कांदा शेतातून कांदाचाळीत, काही थेट लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या बाजारात. मेपर्यंत तापलेल्या डांबरीवर भरली ट्रॉली ओढायची. शेतातल्या टायरचे दात याच कामात सगळ्यात जास्त झिजतात. गरम रस्त्यावर उंच दात वजनाखाली वाकतो, खरडतो. नव्या दाताची पहिली धार, जी चिखलात कामाला येते, ती तुम्ही रस्त्यावर घालवून बसाल. उलट बुटका झालेला दात रस्त्यावर हळू झिजतो. तेव्हा जुन्या टायरवर कांद्याची ओढ पूर्ण करा आणि मेच्या शेवटी, पेरणीच्या तयारीआधी नवे टाका. अंगात धागा दिसला किंवा फुगा निघाला, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून काढणीआधीच बदला. भरली ट्रॉली मागे असताना टायर फुटला तर गाडी सावरता येत नाही.

मोठ्याच्या पुढच्या टायरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण तेही बघून घ्या. टू-व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला ज्या उभ्या कड्या असतात, त्यातली मधली कडी वळण घेताना जमीन कापत जाते. ती सपाट झाली की ओल्या शेतात स्टिअरिंग वळतं, पण ट्रॅक्टर सरळ घसरत जातो आणि माणूस ब्रेकवर वळवायला लागतो. मधली कडी बाजूच्या कड्यांइतकी खाली आली की मी पुढचे बदलायला सांगतो. ते मागच्यांपेक्षा खूप स्वस्त असतात आणि वळण त्यांच्यावरच असतं. बदलण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवून बघा. खडखड असेल तर बेअरिंग, किंगपिन, टाय-रॉड आधी करून घ्या आणि टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) जुळवून घ्या. नाहीतर नवा टायर एका हंगामातच तिरका खाल्ला जातो.

छोट्या फोर-व्हीलचा विचार मी पूर्ण वेगळा करतो आणि तुमच्याकडे खरी घाई तिथे आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून (कोंब फुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत पाऊस झाला की डाऊनी रोगासाठी फवारणी थांबवता येत नाही. वाफसा यायची वाट बघितली तर रोग पुढे जातो, म्हणून चिखलातच ब्लोअर न्यावा लागतो. मागे भरलेली टाकी, दोन्ही बाजूंना वेली आणि मांडवाचे लोखंडी अँगल, मध्ये जेमतेम ट्रॅक्टर जाईल एवढी जागा. अशा ओळीत ट्रॅक्टर नुसता जागेवर घसरला तर एक वेळ परवडतं. तो आडवा सरकला की ब्लोअर अँगलला लागतो, तार तुटते, काडी मोडते. शिवाय घसरत चाललेलं चाक त्याच चाकोरीत माती दाबत जातं, आणि त्या दाबलेल्या मातीत पाणी साचून पुढच्या फवारणीला आणखी त्रास. वर्षभर ठीक वाटणारा टायर त्या दोन-तीन आठवड्यांत कमी पडतो. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरची नक्षी निम्मी झाली की मी थांबू देत नाही. गोटा व्हायची वाट बघणं बागेत परवडत नाही.

पुढचे जास्त का घासले, तर बहुधा फोर-व्हीलचा लिव्हर टाकलेला ठेवून, म्हणजे पुढच्या चाकांची ओढ चालू ठेवून, रस्त्याने ये-जा होते. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील अशीच गिअरची रचना असते, साधारण एक ते पाच टक्के. शेतात माती सरकते म्हणून हे खपतं. डांबरीवर तो फरक जिरवायला जागा नसते, मग पुढचे टायर खरडत राहतात. बागेतून रस्त्यावर आलात की लिव्हर काढायची सवय लावा, चालवणारा माणूस वेगळा असेल तर त्यालाही सांगा.

पुढचे फार घासले की त्यांचा घेर कमी होतो आणि ही एक ते पाच टक्क्यांची आघाडी संपते. मग मागची चाकं पुढच्यांना ढकलतात आणि सगळा ताण एक्सलच्या गिअरवर जातो. तुमची आघाडी किती उरलीय ते घरीच मोजा. कच्च्या सपाट जागेवर लिव्हर काढून मागच्या चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा. मग लिव्हर टाकून पुन्हा तसंच. समजा लिव्हर काढून पंधरा आले आणि टाकून साडेपंधरा, तर आघाडी तीन टक्के, उत्तम. दोन्ही आकडे सारखेच आले किंवा टाकल्यावर कमी झाले, तर पुढचे टायर ताबडतोब बदला. उलटंही लक्षात ठेवा: पुढचे नवे आणि मागचे फार घासलेले अशी जोडी झाली तर आघाडी पाचाच्या वर जाऊ शकते, तेही गिअरला वाईट. म्हणून नवे पुढचे बसवल्यावर हेच माप पुन्हा घ्या. आणि साईज तीच घ्यायची. दुकानात तेवढ्यातली दुसरी साईज आहे म्हणून ती टाकली, असं फोर-व्हीलला चालत नाही.

दोन्ही ट्रॅक्टरना एक गोष्ट लागू आहे. एका एक्सलचे दोन्ही टायर एकदमच बदला. एक नवा आणि एक घासलेला असला की दोघांचा घेर वेगळा होतो, डिफरन्शियल सरळ चालतानाही सतत काम करत राहतं आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. एकच टायर फाटला आणि दुसरा चांगला अर्धा असेल, तर त्याच साईजचा, तेवढाच घासलेला, चांगल्या अंगाचा जुना टायर शोधणं मला नव्यापेक्षा बरं वाटतं.

रिमोल्डचं उत्तर मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरपुरतं "हो" असू शकतं. अंग निर्दोष हवं, गेटर टाकलेला नको, बाजूला खोल भेगा नकोत आणि दोन्ही टायर एकाच जागी, एकाच नक्षीने करून घ्यायचे. सहा वर्षं उन्हात राहिलेलं अंग आणखी किती वर्षं देईल, हा हिशेब आधी करा. अंगाचं आयुष्य संपत आलेलं असेल तर वर नवं रबर चढवून उपयोग नाही. पुढच्या टायरना रिमोल्ड मी करू देत नाही. छोट्या फोर-व्हीललाही नाही, कारण घेर किती होईल याची खात्री नसते.

नवा घेताना बाजूवर चार आकड्यांचा कोड बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 1825 म्हणजे 2025 सालातला अठरावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. बिलही बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झालाय. ट्यूबही नवीच घ्या. जुनी ट्यूब पसरलेली असते, ती नव्या टायरमध्ये घडी पडून बसते आणि घडीवरच फाटते. बसवताना बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला आहे ना ते स्वतः बघा. मागे उभं राहिलं की नक्षीचं टोक वर दिसलं पाहिजे. उलटा बसलेला टायर गाळ बाहेर फेकण्याऐवजी मध्ये गोळा करतो. पहिल्या दिवसाचं काम झालं की सगळे नट पुन्हा आवळा.

तर आता दोन मापं घ्या: मोठ्याची नांगरावरची घसरण, हवा आणि वजन नीट करून, आणि छोट्याचे लिव्हर काढून-टाकून आलेले पुढच्या चाकाचे फेरे. सोबत मोठ्याच्या टायरच्या बाजूचा, भेग खाली आणून काढलेला फोटो पाठवा. मोठ्याला मेपर्यंत थांबता येईल का हे मी त्यावरून सांगतो. छोट्याचे पुढचे मात्र काहीही झालं तरी सप्टेंबरच्या आत बदललेले असू द्या.